तू कोण, हे विचारणं पाप नव्हतं

“पाटीलबाई, तुमी त परूशावानी करून राह्यल्या!”

आमच्याच मंडळीतल्या एका बाईने चर्चच्या पायरीवर, भक्ती सुटल्यावर, चारचौघांत मला हे ऐकवलं. झालं होतं असं, की अचलपूर तालुक्यातल्या आमच्या गावात बाहेरून एक प्रार्थना करणारा माणूस यायला लागला होता. प्रभूच्या नावाने डोक्यावर हात ठेवायचा आणि आजार गेला म्हणून जाहीर करायचा. प्रार्थनेला माझी हरकत नव्हती, मी स्वतः रोज करते. पण सिकलसेल असलेल्या एका पोराच्या आईला त्याने सांगितलं की गोळ्या बंद कर, गोळ्या खाणं म्हणजे अविश्वास. मी गावची पोलीस पाटील आहे. त्याला बसवून विचारलं, कुठला तू, कोणी पाठवलं, कोणत्या मंडळीचा, ज्यांना बरं केलं म्हणतोस त्यांची नावं सांग, दवाखान्याचे कागद दाखव. ठाण्यातही कळवलं. पोराच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, तो माणूस काही परत आला नाही, आणि मी परूशी ठरले.

परूशी म्हणजे येशूच्या काळातला, नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहूदी पंथ, पण आमच्या मंडळ्यांमध्ये ती शिवीच. शास्त्री, परूशी, मुख्य याजक, सगळे एकाच माळेचे मणी. गुड फ्रायडेच्या नाटकात ही माणसं दात-ओठ खात येतात आणि येशूला पकडून नेतात. मला ते पटत नाही. प्रभूची चौकशी करायला आलेली माणसं आधी त्यांचं काम करत होती आणि ते काम करणं भाग होतं. चौकशी केली हा त्यांचा गुन्हा नव्हता. ती कुठे बिघडली, ते पाहायला हवं. ते पाहिलं नाही तर उद्या आपल्यातला कोणीही उठून मशीहाच्या, म्हणजे देवाने पाठवलेल्या तारणाऱ्याच्या, नावाने लेकरांच्या गोळ्या बंद करेल आणि विचारणाऱ्याला आपण परूशी म्हणू.

तो काळ बघा. इ.स.पू. ४ मध्ये हेरोद राजा मेला तेव्हा ठिकठिकाणी उठाव झाले आणि रोमन सरदार वारस याने सुमारे २००० माणसं वधस्तंभावर दिली, असं योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो. इ.स. ६ मध्ये गालीलकर यहूदा रोमी लोकांच्या नावनोंदणीच्या विरोधात उठला. येशूनंतर थुदास आला, यार्देन नदी दुभंगून दाखवतो म्हणून लोकांना घेऊन गेला आणि डोकं गमावून बसला. मग एक मिसरी आला, हजारो माणसं जैतुनाच्या डोंगरावर नेली, रोमी शिपायांनी ती कापून काढली. पुढे इ.स. १३२ मध्ये शिमोन बार कोखबा उभा राहिला. अकिबासारखा थोर रब्बी त्याला मशीहा म्हणाला. तीन वर्षांत युद्ध संपलं आणि यहूदियातली गावंच्या गावं उजाड झाली.

म्हणजे कोणी ‘मशीहा’ म्हणून पुढे आला की मरायचं कोणी, हे ठरलेलं होतं. गावच्या लोकांनी. अशा काळात ज्याच्यावर लोकांची जबाबदारी आहे त्याने, ‘तू कोण? तुला पाठवलं कोणी?’ हे विचारायचं नाही तर काय करायचं? शास्त्रानेही तेच सांगितलेलं. मोशेच्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात स्पष्ट आहे की एखाद्याने चिन्ह दाखवलं आणि ते खरं ठरलं तरी तेवढ्याने भुलू नका, तो तुम्हाला देवापासून दूर तर नेत नाही ना ते पाहा. नुसता चमत्कार हा पुरावा धरायचा नाही, हे परूशी मोशेच्या नियमशास्त्रातूनच शिकले होते.

आता माझ्या घरातली गोष्ट सांगते, कारण तपासणी माणसाच्या बाजूने कशी उभी राहते हे मला त्यातून कळलं. माझी आजी कोठाऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात होती. लग्न झालेलं, माझे वडील लहान, आणि अंगावर चट्टे दिसले तसं तिला घराबाहेर काढलं. ती बरी होऊन आली तेव्हा तिच्याजवळ एक कागद होता. आज तो माझ्याकडे ट्रंकेत आहे. फूलस्केप कागद, चारही घड्यांवर फाटलेला, मागून खाकी चिकटपट्टी लावलेली, निळा शिक्का फिकट झालेला, डॉक्टरांची सही मात्र अजून ठसठशीत. गावातल्या थोरांनी सांगितलं, कागद वाचल्याशिवाय ही विहिरीवर चढायची नाही. कागद इंग्रजीत. मग शाळेच्या मास्तरांना बोलावलं, त्यांनी विहिरीजवळ उभं राहून तो मोठ्याने वाचला, त्याचा अर्थ सांगितला आणि आजीने बादली सोडली. वडील हे सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज कधी चढत नसे. ज्यांनी अडवलं त्यांच्याबद्दलही ते वाईट बोलत नसत. ते म्हणायचे, “कागदानं माही माय मले वापस देल्ली.”

शास्त्रातल्या ‘लेवीय’ या पुस्तकाच्या तेराव्या-चौदाव्या अध्यायांत हेच आहे. कातडीवर डाग दिसला तर याजकाने पाहायचा. केस पांढरे झाले का, डाग खोल आहे का, पसरतो आहे का. शंका असली तर सात दिवस वेगळं ठेवायचं, सातव्या दिवशी पुन्हा पाहायचं. आणि माणूस बरा झाला असं कळलं तर याजकाने स्वतः उठून छावणीबाहेर जायचं, त्याला तिथे तपासायचं, मग दोन पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब नावाची वनस्पती घेऊन विधी करायचा आणि त्याला माणसांत परत घ्यायचं. लोक हे अध्याय कंटाळवाणे म्हणून सोडून देतात. मला ते वाचताना विहिरीजवळ उभे असलेले मास्तर दिसतात.

म्हणून मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायातली ती गोष्ट माझ्या फार जवळची आहे. कुष्ठरोगी येतो, येशू त्याला हात लावतो, तो शुद्ध होतो. आणि लगेच येशू त्याला बजावतो की कोणाला काही सांगू नकोस, जा, याजकाला दाखव आणि मोशेने नेमलेलं अर्पण कर, त्यांना साक्ष मिळेल. स्वतःचं काम त्याने आपण होऊन याजकापुढे तपासायला पाठवलं! आमच्या गावात आलेला तो माणूस कागदाचं नाव काढताच चिडला होता. ज्याच्या नावाने तो प्रार्थना करत होता त्याने तर बरा केलेला माणूसच तपासणीला धाडला. (तो बरा झालेला मनुष्य मात्र गावभर सांगत सुटला आणि त्यामुळे येशूला उघडपणे गावात शिरणं अवघड झालं. याजकापर्यंत तो पोचला का, ते मार्क सांगत नाही.)

यानंतर यरुशलेमहून माणसं यायला लागतात. बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेवर बाप्तिस्मा देत होता तेव्हा याजक आणि लेवी पाठवून त्यालाही विचारलं होतंच, ‘तू कोण?’ त्याने सरळ सांगितलं, मी ख्रिस्त, म्हणजे मशीहा, नव्हे. येशूकडेही अशीच माणसं येतात. कफर्णहूमात छप्पर उस्तरून पक्षाघाती खाली सोडला तेव्हा शास्त्री तिथे बसून होते. येशू पापांची क्षमा जाहीर करतो तेव्हा ते मनात म्हणतात, पापांची क्षमा देवाशिवाय कोण करू शकतो? प्रश्न अगदी बरोबर आहे. शास्त्र शिकलेल्या माणसाच्या मनात दुसरा कोणता प्रश्न यावा? पुढे तिसऱ्या अध्यायात यरुशलेमहून आलेले शास्त्री निकाल देतात की याला बालजबूल, म्हणजे भुतांचा सरदार, लागला आहे. सातव्या अध्यायात शिष्य हात न धुता जेवतात म्हणून हरकत घेतात. प्रश्नांची धार बदलत गेलेली दिसते. पहिल्या प्रश्नात उत्तराला जागा आहे, नंतरच्यांत ती कमी कमी होत जाते.

खुद्द योहानालाही शंका आली, हे आपण फार हळू आवाजात वाचतो. तुरुंगातून त्याने शिष्य पाठवून विचारलं, येणारा तो तूच का, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? येशू त्याच्यावर रागावला नाही. तो म्हणाला, जे पाहता आणि ऐकता ते त्याला जाऊन सांगा. आंधळे पाहतात, पांगळे चालतात, कुष्ठरोगी शुद्ध होतात, बहिरे ऐकतात, मेलेले उठवले जातात, गरिबांना सुवार्ता सांगितली जाते. आमचे जुने पाळक यवतमाळच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत शिकलेले, ती पुण्याला जाण्याआधीच्या दिवसांत. ते सांगायचे की मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत सापडलेल्या गुंडाळ्यांपैकी एका तुकड्यात मशीहाच्या काळाची जवळपास अशीच यादी आहे, आंधळ्यांना दृष्टी, मेलेल्यांना जीवन, गरिबांना सुवार्ता. म्हणजे लोक काय पाहून ओळखायचं हे मनाशी धरून बसले होते आणि येशूने योहानाला त्याच भाषेत उत्तर दिलं. ‘मी तोच’ असं म्हटलं नाही. पुरावे पुढे ठेवले आणि ठरव म्हणाला.

आता योहानाच्या शुभवर्तमानाचा नववा अध्याय. (हा लिहिणारा योहान वेगळा, बाप्तिस्मा देणारा नव्हे.) संपूर्ण पवित्र शास्त्रात चौकशीचं एवढं बारीक वर्णन दुसरीकडे मला आढळलं नाही. जन्मापासून आंधळा असलेला एक भिकारी. येशू जमिनीवर थुंकतो, चिखल करतो, त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोह तळ्यात जाऊन धू म्हणतो. हे तळं यरुशलेमात आहे. २००४ मध्ये सांडपाण्याची वाहिनी दुरुस्त करताना त्या काळच्या पायऱ्या तिथे उघड्या पडल्या. तो माणूस धुतो आणि बघत परत येतो.

आधी शेजारी जमतात. तोच आहे, नाही रे, त्याच्यासारखा दिसतो. तो म्हणतो, मीच तो. गावातल्या कुठल्याही घटनेनंतर पहिल्या घटकेला हेच चालतं, मी हजारदा ऐकलेलं आहे. मग त्याला परूशांकडे नेतात. तो दिवस शब्बाथाचा, म्हणजे यहूद्यांच्या विसाव्याचा, आणि चिखल कालवणं म्हणजे काम. परूशांतच फूट पडते. काही म्हणतात, शब्बाथ न पाळणारा देवाकडचा असू शकत नाही. काही म्हणतात, पापी माणसाकडून अशी चिन्हं कशी होतील? इथवर चौकशी जिवंत आहे. दोन्ही बाजू बोलताहेत. त्या माणसालाही विचारतात, तुझं काय म्हणणं? तो म्हणतो, संदेष्टा आहे.

मग आई-बापांना बोलावतात. महिलांच्या सभेत मी हा भाग आमच्याच बोलीत सांगते, कारण तो आमच्या बोलीतलाच वाटतो. “हा आमचाच पोरगा हाये. आंधयाच जल्मला होता. आता त्याले कसं दिसून राह्यलं, ते आमाले नाही मालूम. त्याचे डोये कोनं उघडले, तेबी नाही मालूम. तो काही लायना नाही, त्यालेच इचारा.” हे ऐकताना बाया गप्प होतात. असा जबाब त्यांनी स्वतः कधीतरी दिलेला असतो. आई-बाप घाबरले होते. येशूला ख्रिस्त म्हणेल त्याला सभास्थानातून बाहेर काढायचं असं आधीच ठरलं होतं, असं योहान लिहितो. सभास्थानातून काढण्याची ही गोष्ट योहानाने आपल्या पिढीच्या अनुभवातून लिहिली असावी, असं बरेच अभ्यासक मानतात. असेल. त्या आईच्या तोंडचं भय मात्र कुठल्याही पिढीत खोटं वाटत नाही. पोटचा पोरगा आयुष्यात पहिल्यांदा तिचा चेहरा बघतोय आणि तिला पंचांपुढे अंग काढून घ्यावं लागतंय.

यानंतर त्याला दुसऱ्यांदा बोलावतात आणि सुरुवातच अशी करतात की देवाचा गौरव कर, हा मनुष्य पापी आहे हे आम्हाला माहीत आहे. चौकशी इथे मेली. जबाब घेणाऱ्याने ‘आम्हाला माहीत आहे’ म्हणून सुरुवात केली की पुढचं सगळं नुसती कागदं भरणं. बीट जमादाराबरोबर बसून मी किती जबाब ऐकलेत, आणि जिथे निकाल आधी झालेला असतो तिथे प्रश्न कसे वळतात हे मला कानाने कळतं. आंधळा होता तो माणूस मात्र डगमगत नाही. “तो पापी हाये का नाही, मले नाही मालूम. मले एकच मालूम हाये, मी आंधया होतो, आता मले दिसते.” साक्षीदाराने कसं बोलावं याचा यापेक्षा चांगला नमुना नाही. जेवढं पाहिलं तेवढंच. ते पुन्हा विचारतात, त्याने काय केलं, डोळे कसे उघडले? तो म्हणतो, सांगितलं की एकदा, तुम्ही ऐकलं नाही, पुन्हा कशाला ऐकायचंय, तुम्हालाही त्याचे शिष्य व्हायचंय का? तेव्हा ते त्याला हाकलून देतात.

ज्या अधिकाराने बरं झालेल्या माणसाला छावणीबाहेरून आत आणायचं होतं, त्याच अधिकाराने बरं झालेल्या माणसाला बाहेर घातलं. मला या अध्यायात हेच सगळ्यात जास्त लागतं. आजीचा कागद हातात असताना विहिरीवरून तिला परत पाठवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच. त्या माणसाला बाहेर घातल्याचं कळल्यावर येशू स्वतः त्याला शोधत गेला.

त्याने सरळ ‘मी मशीहा आहे’ असं जाहीर का केलं नाही, हा प्रश्न तरुण पोरं मला विचारतात. हिवाळ्यात, पुनःस्थापनेच्या सणात, शलमोनाच्या देवडीत यहूदी त्याला घेरून हेच म्हणाले होते, आम्हाला किती वेळ टांगून ठेवणार, ख्रिस्त असशील तर उघड सांग. तो म्हणाला, सांगितलं आहे, तुम्ही विश्वास ठेवत नाही, माझी कामंच माझ्याबद्दल साक्ष देतात. लोकांच्या मनात मशीहा म्हणजे तलवार घेऊन रोमी लोकांना हाकलणारा दाविदाचा राजा. तो शब्द चौकात उच्चारला की पुढे वारसाचे वधस्तंभ होते. एका ठिकाणी मात्र त्याने अगदी सरळ सांगितलं, ‘तुझ्याशी बोलणारा मी तोच आहे.’ कोणाला? शोमरोनात, भर दुपारी, विहिरीवर पाणी भरायला आलेल्या एका बाईला. तिला कोणाकडे अहवाल द्यायचा नव्हता आणि तिने विचारलं ते जाणून घ्यायला विचारलं. हे मी बायकांच्या सभेत दरवेळी सांगते आणि सांगत राहणार.

शेवटची चौकशी रात्रीची. योहान म्हणतो, आधी हन्नाकडे नेलं. हन्ना जुना प्रमुख याजक, जावई कयफा गादीवर. कयफा इ.स. १८ च्या सुमारास बसला तो ३६ पर्यंत टिकला, रोमी सुभेदार पिलाताच्या सबंध कारकिर्दीत. त्याला नेमणारे रोमी आणि काढणारेही रोमीच. प्रमुख याजकाची सणाची पवित्र वस्त्रंसुद्धा अंतोनिया किल्ल्यात रोमी पहाऱ्यात असत, सणाला मागून घ्यावी लागत. १९९० मध्ये यरुशलेमच्या दक्षिणेला एका थडग्यात नक्षीदार अस्थिपेटी सापडली. तिच्यावर ‘कयफाचा मुलगा योसेफ’ असं कोरलेलं आहे, या याजकाचं स्वतःचं नावही योसेफच होतं, आणि ती याच याजकाची असावी असं पुष्कळांचं मत आहे. कयफाचं म्हणणं योहानाने आधीच नोंदवलंय की सगळ्या राष्ट्राचा नाश होण्यापेक्षा एका माणसाने मरणं हिताचं. त्याची भीती खोटी नव्हती. इ.स. ७० मध्ये रोमी लोकांनी मंदिर खरोखरच जाळलं. पण त्या भीतीमुळे चौकशीचा निकाल चौकशीआधी ठरला.

मार्क लिहितो की साक्षीदार पुष्कळ आले पण त्यांच्या साक्षी जुळेनात. शास्त्राला दोन-तीन साक्षीदारांचं एकमत हवं होतं. जीव घेण्याचा खटला रात्री चालवू नये, दोषी ठरवायचं तर निकाल दुसऱ्या दिवशी द्यावा, असे नियम मिश्ना या यहूदी नियमसंग्रहात आहेत. मिश्ना इ.स. २०० च्या सुमाराची, त्यामुळे तो नियम त्या रात्री लागू होता असं मी छातीठोक सांगणार नाही. साक्षी जुळत नाहीत म्हटल्यावर कयफा उभा राहून स्वतःच विचारतो, तू ख्रिस्त, धन्यवादिताचा पुत्र आहेस काय? मार्कात उत्तर येतं, ‘मी आहे.’ आणि दानीएलात आहे तसं, मनुष्याचा पुत्र मेघांसह येताना पाहाल. लूकात उत्तर वेगळं आहे की मी सांगितलं तरी तुम्ही विश्वास ठेवणार नाही आणि मी विचारलं तर उत्तर देणार नाही. कयफा कपडे फाडतो. दुर्भाषण, म्हणजे देवाची निंदा!

पहाट झाली आणि कलम बदललं. आतला आरोप दुर्भाषणाचा, पिलातापुढचा आरोप राजद्रोहाचा. लूकात ते पिलाताला सांगतात, हा कैसराला कर देऊ नका म्हणतो, स्वतःला राजा म्हणवतो. कराचं तर त्याने मंदिरात सगळ्यांसमोर सांगितलं होतं की कैसराचं ते कैसराला द्या. एका आरोपावर धरायचं आणि दुसऱ्यावर पाठवायचं, हे ज्याने कोर्टकचेरी पाहिली आहे त्याला वेगळं समजवावं लागत नाही. वधस्तंभाची शिक्षा रोमी, हुकूम पिलाताचा, खिळे ठोकणारे शिपाई रोमी. म्हणून ‘यहूद्यांनी मारलं’ असं आमच्या व्यासपीठावरून कोणी म्हटलं की मी भक्तीनंतर त्यांना भेटते. येशू यहूदी, मरीया यहूदी, बाराही शिष्य यहूदी. त्या एका वाक्याने पुढे युरोपात शतकानुशतकं किती निरपराध यहूद्यांचे जीव घेतले, ते मंडळीला माहीत असायला हवं.

आणि त्याच न्यायसभेत निकदेम होता, परूशी. माणसाचं ऐकल्याशिवाय, तो काय करतो हे समजून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याचा न्याय करतं काय, असं त्याने येशूला धरण्याच्या आधीच बाकीच्यांना तोंडावर विचारलं होतं. उत्तरादाखल त्यालाच टोमणा मिळाला, तूही गालीलातलाच का? अरिमथाईकर योसेफ त्याच सभेचा सभासद, लूक म्हणतो त्याची त्या ठरावाला संमती नव्हती. प्रेषितांना पकडलं तेव्हा गमलियेल उठला, तोही परूशीच, त्याने थुदास आणि गालीलकर यहूदाचं उदाहरण देऊन सभेला सांगितलं की हे काम माणसांचं असेल तर आपोआप मोडेल, देवाचं असेल तर तुम्हाला मोडता येणार नाही. त्या दिवशी सभेने ऐकलं, प्रेषितांचे जीव वाचले. मला परूशी म्हणणाऱ्या त्या बाईला मी हेच सांगितलं की निकदेमासारखी आणि गमलियेलासारखी परूशी होता आलं तर मला हवंच आहे.

यंदा नाटकात निकदेमाला बोलायला वाक्यं मिळावीत असं मी पाळकांना म्हटलं आहे. ते तयार आहेत. नववा अध्याय गुड फ्रायडेला पूर्ण वाचायला त्यांना लांब वाटतो, त्यात ४१ ओव्या आहेत. मग असं ठरलं की त्याआधीच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत तो पूर्ण वाचायचा, वेगवेगळ्या माणसांनी. शेजारी, परूशी, आंधळा सगळे वाटून झाले आहेत. आईचा जबाब सिकलसेलच्या त्या पोराच्या आईने मागून घेतला आहे.